सलाईनमधली सदाफुली

गाठ माझी मलाच सापडली, तीही शिकवताना. रत्नागिरीच्या एका फार्मसी कॉलेजात मी औषधी वनस्पती शिकवते. पानं ओळखायची, सावलीत वाळवायची, कुटायची, मग त्यांच्यातून उपयोगाचं द्रव्य काढायचं, हा माझा विषय. त्या सकाळी मुलांना डोळे मिटून पानं ओळखायला लावली होती. "लव वरच्या बाजूला आहे की खालच्या? शीर बोटाला लागते का? चुरगाळून वास घ्या," असं सांगत मी बाकांमधून फिरत होते. बोलता बोलता घाम पुसायला मानेवरून हात फिरवला आणि डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या जरा वर, काजूच्या बीएवढं काहीतरी बोटाखाली आलं. दुखत नव्हतं. दाबलं तर हलतही नव्हतं.

तास मी पुरा केला. एका मुलीने अडुळशाचं पान बरोबर ओळखलं म्हणून तिला शाबासकीही दिली. पण हात सारखा मानेकडे जात होता.

सोबत कोण आहे?

गाठीचा तुकडा काढून तपासायला कोल्हापूरला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवलं आणि आधी विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही. मीच आहे."

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, जणू कोणीतरी गाडी लावून येतच असेल. माझं लग्न झालेलं नाही. आई-वडील गेले. भाऊ राजापूरला असतो, त्याची आंब्याची कलमं आहेत. रत्नागिरीत मी एकटी राहते आणि ते मला तोवर कधी सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

"लिंफोमा आहे," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सरच आहे, पण औषधाला दाद देणारा. घाबरू नका."

मी औषधांची नावं विचारली. त्यांनी चार-पाच सांगितली. त्यातलं एक ऐकून मला हसू आलं. डॉक्टरांना वाटलं, मला काही कळलंच नाही, म्हणून त्यांनी सगळं पुन्हा सावकाश सांगितलं. कसं सांगणार होते मी त्यांना? ते औषध सदाफुलीतून निघतं. दर वर्षी माझी मुलं दारातल्या सदाफुलीचा पाला आणतात, वाळवून अल्कोहोलमध्ये भिजवतात, गाळतात, आणि शेवटी परीक्षानळीत नारिंगी साका खाली बसला की एकमेकांना दाखवत सुटतात. तेच आता माझ्या शिरेतून जाणार होतं.

बाहेर पडले. मारुती मंदिरापाशी नेहमीच्या बाईकडून माठाची जुडी घेतली. घरी येऊन निवडली, चिरली, भाजी केली आणि ताटात वाढून घेतल्यावर रडू आलं. ते कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी पंखा पाचवर केला. घरात ऐकायला कोणी नव्हतंच, हे नंतर लक्षात आलं.

दादा

दादाला फोनवर सांगितलं. तो एकदम चिडला.

"तरी मी सांगत होतो निमा, ते स्पिरिट न् क्लोरोफॉर्म हुंगत बसू नको. ऐकलंस कधी?"

"दादा, त्याने झालं असं कोणी म्हटलेलं नाही."

"मग कशाने झालं?"

"ते डॉक्टरांनाही माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय? माझ्या कलमाला कीड लागली तर मी सांगतो ना कशाने लागली!"

मी फोन ठेवला. तो मला दोष देत नव्हता, त्याला फक्त कारण हवं होतं. कारण सापडलं की उपाय सापडतो, अशी त्याची आयुष्यभराची रीत. पण त्यानंतर मीसुद्धा कित्येकदा मनातल्या मनात प्रयोगशाळेतल्या माझ्या खुर्चीत स्वतःला बसलेलं पाहिलं, खिडकी बंद, समोर उकळता फ्लास्क. उत्तर मिळालं नाही. आजही नाही. तुमच्यापैकी कोणी असंच कारण शोधत बसलं असेल तर एवढंच सांगते, त्या शोधात माझी झोप गेली, हाती काही लागलं नाही.

पहिल्या औषधाला वहिनी आली. माझं डोकं विंचरून दिलं, पेज करून भरवली. पण कलमांना मोहोर आला होता, फवारणीचे दिवस होते, आणि दादाला घरी एकट्याने जमत नव्हतं. ती निघाली तेव्हा मीच म्हटलं, "जा गो, मी ठीक आहे." तिने दोनदा विचारलं. दोन्हीदा मी तेच म्हटलं.

शेजारची खुर्ची

औषध घ्यायला दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटलात जायचं. एका थंडगार खोलीत मागे कलणाऱ्या खुर्च्या मांडलेल्या. सकाळी रक्त तपासायचं, पेशी पुरेशा असतील तर औषध, नाहीतर घरी परत. प्रत्येक खुर्चीपाशी एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं, सोबतच्या माणसासाठी. माझ्या स्टुलावर माझी पर्स असायची.

शेजारच्या खुर्चीचं स्टूलही असंच, त्यावर एक कापडी पिशवी. खुर्चीत बुरखा घातलेली, माझ्याहून थोडी मोठी बाई. दुसऱ्या वेळी भेटलो तेव्हा तिनेच सुरुवात केली.

"तुमचं पण ते लाल औषध?"

"हो. आणि नंतर ती छोटी पिशवी."

"माझं पण तेच सगळं." ती अशी खुश झाली, जणू माहेरचं कोणी भेटलं. हमीदा तिचं नाव. राहणारी नाटे गावची. नवरा कुवेतला टगबोटीवर, मुलगी मुंब्र्याला, तिचं बाळ तान्हं. घरी म्हातारे सासरे. पहाटेच्या एस्टीने ती एकटी यायची आणि औषध घेऊन संध्याकाळच्या एस्टीने एकटीच परत जायची.

सिस्टर छोटी पिशवी लावून गेली. "हात हलवू नका हां, बाहेर सांडलं तर कातडी जळते," असं तिने दोघींना बजावलं. हात न हलवता बसायचं म्हणून मी बोलत राहिले. "भाभी, हे औषध सदाफुलीचं आहे, माहीत आहे?"

"ती दारातली? खोटं बोलता!"

"मी तेच शिकवते कॉलेजात."

"आमच्या अंगणात तर रान माजलंय तिचं. बकरी पण तोंड लावत नाही." मग थांबून म्हणाली, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं औषधच उपटून फेकत होतो!" ती इतकी हसली की सिस्टर परत आली. त्या दिवसापासून ती मला टीचर म्हणायला लागली आणि मी तिला हमीदाभाभी. दुसऱ्या कोणाशी मी त्या काळात इतकं बोलले नाही.

बोटं

केस जातात हे सगळ्यांना माहीत असतं. माझेही गेले. त्याचं मला फारसं वाटलं नाही. मला जे गेलेलं लागलं त्याबद्दल कोणी सावध केलं नव्हतं.

आधी चव गेली. वहिनीने माझी आवडती ओल्या काजूंची उसळ पाठवली. पहिल्याच घासाला तोंडात भिजलेला पुठ्ठा आल्यासारखं झालं. फोनवर सांगितलं, "मस्त झालीय." मग वास बिघडला. ओव्याचं पान, गवती चहा, सगळ्याला एकच लोखंडी वास. आणि तिसऱ्या वेळेनंतर बोटांची टोकं बधिर झाली. मुंग्या यायच्या, मग काहीच नाही. सदाफुलीच्या औषधाचा हा गुणच आहे, ते नसांना लागतं. पुस्तकात मी ते वाचलं होतं, शिकवलंही होतं, एका ओळीत.

रंग, वास, चव, स्पर्श. वनस्पती ओळखणाऱ्याच्या हातात यंत्राआधी एवढंच असतं. औषधांसाठी रजा घेतली होती, पण घरी मन लागेना म्हणून एकदा प्रयोगशाळेत गेले. वाळवलेल्या पानांचे डबे उघडले. डोळे मिटून एकेक पान दोन बोटांत धरलं. लव असलेलं, नसलेलं, जाड, पातळ, सगळी सारखीच. कागद धरल्यासारखी. डबे बंद करून मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. कॅन्सर बरा होईल असं डॉक्टर सांगत होते आणि माझा विश्वासही होता. पण बरी होऊन मी कोण असणार होते?

दादाला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जीव वाचला ना? मैत्रिणी म्हणाल्या असत्या, येईल सगळं परत. म्हणून कोणाला सांगितलं नाही. पुढच्या वेळी हमीदाभाभीला सांगणार होते.

ती आली नाही

पुढच्या वेळी शेजारच्या खुर्चीत दुसरंच कोणी होतं.

"त्यांचं आज होतं ना?" मी सिस्टरना विचारलं.

"होतं. फोन लागत नाही त्यांचा."

"मग आता?"

सिस्टर पट्टी लावत होत्या. "काहीजण येत नाहीत मॅडम मध्येच. आम्ही फोन करतो. अजून काय करणार?"

दिवसभर मी ते स्टूल बघत होते. घरी गेल्यावरही डोक्यातून जाईना. मला तिच्या घराचा पत्ता माहीत नव्हता. नाटे आणि जेट्टीजवळ, एवढंच. औषधानंतरचे वाईट दिवस सरले तशी मी तोंडाला मास्क लावून नाट्याच्या एस्टीत बसले. डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. त्यांना विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

पावस, मग आडिवरे. तळपायही बधिर होते, उतरताना पायरी कळली नाही, कंडक्टरने दंड धरला. जेट्टीवर जाळं विणत बसलेल्या एकाला विचारलं, "कुवेतवाल्यांची हमीदाभाभी?" त्याने हात करून दाखवलं. दारात पांढरी आणि गुलाबी सदाफुली वाळूत पसरली होती. बऱ्याच झाडांचे शेंडे खुडलेले होते. ते पाहूनच मला कळलं.

नाट्याचं स्वयंपाकघर

ती मला पाहून उभी राहिली आणि लगेच दाराची चौकट धरली.

"चक्कर येते?"

"उठताना येते जराशी. टीचर, तुम्ही इकडे कशा?"

चुलीवर पातेलं होतं. हिरवट काळं पाणी, वर पाला तरंगत होता. मी खाली बसले. सासरे मशिदीत गेले होते, घरात आम्ही दोघीच.

"हे पिताय तुम्ही?"

"तुम्हीच म्हणालात ना, हेच औषध."

"औषध ह्यातलंच, पण हे म्हणजे ते औषध नव्हे." माझा आवाज चढला. मग मी सगळं सांगितलं, मुलांना सांगते तसं. ढीगभर पाला घेतला तरी त्यातून ते द्रव्य नखाला लागेल इतकंही निघत नाही. ते वेगळं काढायला मोठे कारखाने लागतात. ह्या पाण्यात ते जवळपास नाहीच. पण त्या पाल्यात दुसरी किती तरी द्रव्यं आहेत, ती सगळी उतरतात. रक्तदाब पाडणारी आहेत. "ही चक्कर त्याचीच असेल. आणि गाठ तिकडे वाढत असेल, भाभी."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग पातेल्याखालचा जाळ ओढला.

"मला काय येडी समजलात? पाल्याने कॅन्सर जात असता तर कोण कशाला हॉस्पिटलात मेलं असतं?"

"मग?"

"हे दारात बसून पिता येतं." ती पदराशी चाळा करत होती. "मागच्या खेपेला येताना आडिवऱ्याला गाडीत उलटी झाली. पिशवी भरली. बाजूचा माणूस उठून गेला. मग सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. नाट्याला उतरले ती अंधारात रस्ता दिसेना. एका घराच्या ओट्यावर बसले. त्या घरातल्या पोरीने पाणी दिलं, विचारलं, कोण न्यायला येणार आहे? मी म्हटलं, येतील. तासभर बसले तिथे. कोण येणार होतं टीचर?"

मी शिकवण्याच्या तयारीने आले होते, आणि तिला शिकायचं काहीच नव्हतं.

"नवऱ्याला सांगितलंत?"

"तो म्हणतो रजा मिळत नाही. रडतो फोनवर. मग मीच त्याला समजावते."

मी म्हटलं, "औषधाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे यायचं. नंतर बरं वाटेपर्यंत राहायचं. मग एस्टी."

"आणि तुमचे लोक काय म्हणतील?"

"माझ्या घरात लोकच नाहीत, भाभी."

ती उठली, पातेलं उचललं आणि मागच्या दारी ओतून आली.

दोघी

डॉक्टर रागावले. तिलाही, आणि मी गर्दीतून गेले म्हणून मलाही. तिला दोन दिवस ठेवून घेतलं, रक्तदाब नीट झाल्यावर औषध सुरू केलं. तारखा जुळवून दोघींना एकाच दिवशी बोलावलं. ही त्यांनी केलेली मेहेरबानी मी विसरणार नाही.

त्यानंतर ती माझ्याकडे येऊ लागली. सकाळी रिक्षाने दोघी जायचो, दुपार सरता सरता परत. माझ्या घरात दुसऱ्या माणसाच्या चपला आल्या. ती नमाजासाठी खिडकीजवळची जागा घ्यायची. एकदा तिने माझ्यासाठी म्हणून ताजे बांगडे आणले, मसाला वाटला, तवा तापवला, आणि तळणाचा वास उठताच दोघीही तोंड दाबून गॅलरीत पळालो. वॉचमनने ते बांगडे खाल्ले आणि पुढच्या वेळी भाभी कधी येणार म्हणून विचारलं.

तिच्याजवळ मी बोटांचं बोलले. तिने माझा हात हातात घेतला, एकेक बोट दाबून पाहिलं. तिचीही बोटं तशीच होती. "मला तर तांदळातला खडा लागत नाही आता," ती म्हणाली. "डोळ्यांनी निवडते. वेळ लागतो, पण निवडून होतात." बाकी काही म्हणाली नाही. मला तेवढं पुरलं.

दादा एकदा आला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. तो अवघडला. मग जाताना तिला म्हणाला, "वहिनी, हिच्याकडे लक्ष ठेवा. ही खोटं बोलते, ठीक आहे म्हणते." मला वाटलं होतं त्याला कळत नाही. त्याला सगळं कळत होतं, काय करावं ते कळत नव्हतं.

वॉर्डात एकट्या बसणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला त्याचं नाव आणि फोन नंबर विचारा. मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. आणि घरी जो काढा, चूर्ण, पाला घेत असाल तो डॉक्टरांना सांगा. रागावले तर रागावू देत.

नंतर

औषधं संपली. स्कॅन झालं. माझं साफ आलं. तिच्या पोटात गाठ थोडी राहिली होती.

ती मुंब्र्याला मुलीकडे गेली, मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात उपचार सुरू झाले. आम्ही फोनवर बोलायचो. आधी रोज, मग ती थकायला लागली तशी कधीमधी. मी कॉलेजात रुजू झाले होते. चव परत आली, वासही बराचसा आला. बोटं अर्धीमुर्धीच आली. आता पान ओळखताना मी भिंग वापरते, आणि मुलांना सांगते की बोटांवर फार विसंबू नका.

आजारात लोक भेटायला येतात. बरं झाल्यावर कोणी येत नाही, त्यांना वाटतं, काम झालं. दर तपासणीच्या आधीची रात्र मी जागून काढते, ते कोणाला दिसत नाही. ते मी फक्त तिला सांगू शकत होते.

एका सकाळी तिच्या नंबरावरून मुलीचा आवाज आला.

तिला नाट्याला आणलं होतं. मी पोचले तेव्हा दफन होऊन गेलं होतं. आतून बायकांचं कुराण पढणं ऐकू येत होतं. पडवीत तिचे सासरे खाटेवर बसले होते, नजर समोर कुठेतरी. त्यांना दिसत नसावं फारसं.

"कोण हाय?"

"रत्नागिरीहून आले."

"लागता कोण तुम्ही तिची?"

"कोणी नाही," म्हटलं. "आम्ही दोघींनी बरोबर औषध घेतलं."

म्हाताऱ्याने मान माझ्याकडे वळवली. "टीचर ती तू?"

"हो."

"मग कोणी नाही कशाला बोलतेस? जा, आत जा."

आत बायका दाटीने बसल्या होत्या. कोणीतरी सरकून भिंतीकडची जागा दिली. कोणीतरी पाण्याचा पेला पुढे ठेवला. मला कोणी काही विचारलं नाही. त्या काय पढतात ते मला समजत नव्हतं, तरी मी ऐकत राहिले. उन्हं उतरली. रस्त्यावर रत्नागिरीची शेवटची गाडी थांबल्याचा, मग गिअर टाकून निघाल्याचा आवाज आला. मी उठले नाही.